पोटखराबा

नदी नासवणारा माणूस नेहमी दुसऱ्या गावचा असतो. शिरोळकडची मंडळी इचलकरंजीच्या कापड-प्रक्रियेला दोष देतात. इचलकरंजीकर कोल्हापूरच्या सांडपाण्याकडे बोट दाखवतात. कोल्हापूरकर म्हणतात, आमच्या सांडपाण्याचे काय घेऊन बसलात, आधी साखर कारखान्यांची मळी बंद करा. आणि कारखान्याचे चेअरमन आपल्या शुद्धीकरण यंत्रणेचा फोटो वर्तमानपत्रात छापून आणतात. दर उन्हाळ्यात पंचगंगेवर केंदाळाची हिरवी सतरंजी पसरली की बोटे दाखवण्याचा हा सोहळा सुरू होतो आणि पहिल्या पुरात केंदाळ वाहून गेले की आपोआप संपतो. नृसिंहवाडीला ते कृष्णेच्या स्वाधीन झाले म्हणजे आपण सुटलो!

ही सगळी बोटे खरी आहेत. सांडपाणी खरे आहे, मळी खरी आहे, रंगाचे पाणीही खरे आहे. यांतल्या एकाचेही वकीलपत्र मला घ्यायचे नाही. माझा प्रश्न इतकाच की, इतक्या बोटांतले एकही बोट उसाच्या फडाकडे का वळत नाही? ज्या खोऱ्यात नदीच्या दोन्ही काठांना, पाण्याला अगदी चिकटून, कोसन् कोस ऊस उभा आहे, त्या खोऱ्यात पाण्यात खत कुठून येते याची चौकशी करताना उसाचे नाव घ्यायचे नाही, हा शिष्टाचार कोणी ठरवला?

ठरवला आपणच, आणि त्याचे कारणही आपल्याला ठाऊक आहे. उसावर कारखाना उभा आहे, कारखान्यावर बँक, बँकेवर शाळा-कॉलेजे आणि या सर्वांवर आमदारकी. हा लेख ज्या अंकात छापला जाईल त्या अंकातसुद्धा एखाद्या सहकारी कारखान्याची दिवाळीच्या शुभेच्छांची पानभर जाहिरात असायची. संपादकांनी मला क्षमा करावी.

मी कृष्णाकाठच्या एका उसाच्या गावात मास्तरकी करतो आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझ्या वर्गातल्या पोरांची दप्तरे उसाच्या बिलातून येतात. तेव्हा हवापालटाला आलेल्या कोणा शहरी निसर्गप्रेमी गृहस्थाचे हे रडगाणे आहे असे कृपा करून समजू नये. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, शास्त्रज्ञाचा आव मला आणता येणार नाही. पण जे समजून घेतले ते फळ्यावर समजावून सांगण्याची सवय जडली आहे, त्याच सवयीने सांगतो.

खत म्हणजे पिकाचे अन्न. ते जमिनीत असते तेव्हा आपण त्याला कस म्हणतो. तेच पाण्यात गेले की घाण होते. यात मुख्य द्रव्ये दोन, नत्र आणि स्फुरद. आणि दोघांचे स्वभाव एका घरातल्या न पटणाऱ्या भावांसारखे. युरियात शेकडा ४६ भाग नत्र असतो. युरिया मातीत पडला की जंतू त्याचा आधी अमोनिया करतात आणि मग नायट्रेट. नायट्रेट मातीला धरून राहत नाही. मिठासारखे विरघळते आणि पाणी नेईल तिकडे जाते. खाली मुरले तर विहिरीत, आडवे पाझरले तर ओढ्यात. स्फुरदाचे उलट. तो मातीच्या कणाला घट्ट चिकटून बसतो, एकटा फारसा हिंडत नाही. पण मातीच वाहून निघाली तर तिच्या खांद्यावर बसून जातो. मृगाच्या पहिल्या दणक्याला ओढ्याला जे गढूळ पाणी येते त्यात गेल्या महिन्यात खताच्या दुकानात मोजून दिलेले पैसे वाहत असतात.

आता हे अन्न पाण्यात गेल्यावर खाणारा कोण, ते पाहा. गोड्या पाण्यात शेवाळाची वाढ बहुधा स्फुरदावाचून अडून असते. डेव्हिड शिंडलर या शास्त्रज्ञाने १९७३ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात एका लहान तळ्याच्या अरुंद कमरेत पडदा ताणून त्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र सोडला. दुसऱ्या भागात तेच दोन्ही आणि वर स्फुरद. स्फुरदाचा भाग हिरवागार झाला, दुसरा जसाच्या तसा राहिला. त्याचे आकाशातून काढलेले छायाचित्र जगभर गाजले. अडाण्यालाही कळावे इतके ते स्वच्छ आहे. आपल्या ओढ्यांत असा पडदा नाही, एवढाच फरक. दोन्ही भाऊ दोन्ही काठांनी उतरतात.

मग शेवाळ माजते, केंदाळ माजते. वाढते तसे मरते, तळाला बसते आणि सडते. सडवणारे जंतू पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात. पहाटेच्या सुमाराला मासे तोंड वर काढून वारा पिऊ लागतात आणि दिवस उजाडता उताणे पडलेले दिसतात. कोणीतरी विष टाकले, अशी बोंब गावात उठते. पुष्कळ वेळा ते मासे विषाने मेलेले नसतात, गुदमरून मेलेले असतात. आणि गुदमरवणारी वस्तू विष नसून अन्न असते. केंदाळ हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतले. पाहुणे म्हणून आले हे खरे. पण पाहुण्याला इतके जेवू कोणी घातले?

मध्यंतरी मी सातवीच्या वर्गाला 'आमचा ओढा' या विषयावर निबंध घातला. बहुतेक पोरांनी गाइडातला ओढा लिहिला. तो झुळझुळ वाहत होता, त्याच्या काठी पाखरे गात होती, आणि त्याचे पाणी काचेसारखे होते. एका पोराने मात्र लिहिले, "आमच्या ओढ्यावरून कुत्रे चालत जाते." पूल नाही, दगड नाही, केंदाळ इतके दाट की कुत्रे त्यावर तोलून पलीकडे जाते. मी त्याला दहापैकी दहा गुण दिले. उरलेल्या पोरांचा दोष नाही. त्यांना झुळझुळ वाहणारा ओढा आम्ही शिकवला, कारण आम्हा लेखकांच्या पुस्तकांत तो अजून झुळझुळतोच आहे.

आता आकड्यांकडे वळू. आडसाली उसाला राहुरीच्या कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी आहे. नुसत्या युरियाने हा नत्र भागवायचा म्हटला तर ४५ किलोच्या एकोणीस-वीस पिशव्या झाल्या. ही झाली शिफारस. शेतावर शिफारस म्हणजे कमाल मर्यादा नसते. तिथून पुढे ईर्ष्या सुरू होते. शेजाऱ्याने एकरी आठ पिशव्या टाकल्या तर आपण दहा. शेताला दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहूनही कमी पिकाच्या पोटात जातो. बाकीचा काही हवेत उडतो, काही खाली मुरतो, काही ओढ्याला लागतो. वर आपले पाटपाणी! सरी तुडुंब भरून कडेने पाणी फुटेपर्यंत मोटार चालू ठेवायची आणि रात्रपाळीची वीज असेल तर झोपून जायचे. इतक्या पाण्यात मीठ टिकणार नाही, तिथे नायट्रेट कसे टिकावे?

हे ऐकून कोणी शेतकऱ्याला हावरा म्हणेल तर ते मला मान्य नाही. दुकानात ४५ किलो युरियाची पिशवी करासकट सुमारे २६७ रुपयांना मिळते आणि ५० किलो डीएपीची १३५० रुपयांना. २०१० साली खतातल्या द्रव्यांच्या प्रमाणात अनुदान देण्याची पद्धत सरकारने आणली, तेव्हा युरिया तेवढा तिच्याबाहेर ठेवला. जी वस्तू मातीच्या मोलाने मिळते ती माणूस मातीसारखीच वापरतो. पाऊस लहरी, बाजार लहरी. तेव्हा पीक बुडू नये म्हणून मूठभर जास्त टाकणे हा त्याचा विमा आहे, आणि सबंध देशातला सर्वांत स्वस्त विमा आहे. त्याचा हप्ता भरतो ओढा.

* * *

पण खत कितीही जपून टाकले तरी थोडे निसटणारच. पूर्वीही शेणखताचा कस निसटत होता, मग ओढे कसे तगले? तगले, कारण शेत आणि ओढा यांच्या मध्ये एक पट्टा होता. त्याला आपल्या जमिनीच्या दप्तरात मोठा अपमानकारक शब्द आहे. तो शब्द म्हणजे पोटखराबा.

सातबारा पाहिलेल्या माणसाला हा शब्द सांगायला नको. एखाद्या गटातली जी जमीन मोजणीच्या वेळी पिकाला नालायक ठरली ती पोटखराबा 'अ' वर्ग. यात ओढ्याच्या उतरत्या कडा आल्या, घळी आल्या, खडकाळ तुकडे आले, खळ्याची जागाही आली. सार्वजनिक रस्ता, वहिवाटीची पायवाट, चार लोक पाणी भरतात असा ओढा किंवा तळे, मसणवटा, कुंभाराची मातीची जागा, हा 'ब' वर्ग. दप्तराचा डोळा साऱ्यावर होता. जिथे सारा पिकत नाही ते खराब. कारकुनाच्या दृष्टीने हे बरोबरच होते. चूक झाली ती एवढीच की, कारकुनाचा शब्द आपण शहाणपण म्हणून स्वीकारला.

त्या खराब्यात काय होते? निरगुडी होती, करंज होता, उंबर होते. पाण्याच्या कडेला लव्हाळी, वाळा, पाणकणीस. शेतातून वाहत आलेले गढूळ पाणी या गवतात शिरले की त्याची धाव मोडत असे. धाव मोडली की माती खाली बसे, आणि मातीबरोबर तिच्या खांद्यावरचा स्फुरदही उतरे. जमिनीखालून झिरपत येणारे नायट्रेट त्या दलदलीच्या, हवा न शिरणाऱ्या मातीत पोचले की तिथले जंतू श्वासासाठी त्यातला प्राणवायू ओढून घेत आणि नत्र पुन्हा हवेत सोडून देत. १९०९ साली फ्रिट्झ हाबर यांनी हवेतला नत्र अमोनियात बांधून दाखवला, आणि १९१३ पासून तो कारखान्यात तयार होऊ लागला. आज त्यासाठी प्रचंड उष्णता, प्रचंड दाब आणि जहाजे भरभरून वायू लागतो. त्याच नत्राची गाठ सोडून तो हवेला परत करण्याचे काम ओढ्याची ओली कड फुकट करत होती. माणसाच्या अंगात जे काम मूत्रपिंड करते, ते गावच्या अंगात पोटखराबा करत होता.

हे मूत्रपिंड आपण काढून उसाला दिले. उपसा योजना आल्या, मोटारी आल्या, जमिनीची वाटणी होत होत तुकडे राहिले; प्रत्येक भावाला आपली सरी पाण्यापर्यंत न्यावीशी वाटली. नांगर गेला तिथे ट्रॅक्टर गेला, ट्रॅक्टर अडला तिथे जेसीबी गेला. आमच्या गावच्या नकाशात ओढा असा रेखला आहे की त्यात बैलगाडी वळावी. आज तो जागोजाग मेंढराने उडी मारून ओलांडावा असा झाला आहे. वस्तुतः १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे नद्या, ओढे, नाले ही शासनाची मालमत्ता. पण मालक नकाशात राहतो आणि वहिवाट शेतात चालते. आणि २०१८ साली तर 'अ' वर्गाचा जो पोटखराबा लागवडीखाली आणला असेल तो लागवडीलायक म्हणून नोंदवून घेण्याची वाट शासनाने नियम बदलून मोकळी केली. कर्ज मिळावे, नुकसानभरपाई मिळावी, हा त्यामागचा हेतू. शेतकऱ्याच्या दृष्टीने तो रास्तही होता. परंतु त्या कड्यांचे दुसरेही काही काम होते, याची आठवण ते नियम लिहिताना कोणाला झाल्याचे दिसत नाही.

उरलेले काम 'जलसंधारणा'ने केले. नाला खोल करा, रुंद करा, सरळ करा! पोकलेन आले, दोन्ही काठांची झाडी उपटली, गाळ काठावर ढीग करून ठेवला. पुढाऱ्याने नारळ फोडला, पुढच्या पावसात तो ढीग पुन्हा ओढ्यात गेला. पाणी साठवण्याची गरज मी नाकारत नाही. पण ज्याचे काठ तासलेले आहेत तो ओढा राहत नाही, तो चर होतो; आणि चराचे काम वरचे ते खाली नेऊन टाकणे, एवढेच.

* * *

यावर जे आक्षेप येतात ते मी ऐकले आहेत. पारावर ऐकले आहेत आणि सभांतही ऐकले आहेत.

पहिला आक्षेप असा की, खरे गुन्हेगार शहर आणि कारखाना; शेतीवर ठपका ठेवून तुम्ही त्यांना सोडवता. मुळीच नाही. उन्हाळ्यात नदीचे पाणी आटते तेव्हाच्या केंदाळाला शहरांचे सांडपाणीच मुख्यतः पोसते, हे मी मान्य करतो. पण सांडपाण्याला तोंड असते. ज्याला तोंड आहे त्याला पकडता येते. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा कायदा १९६९ साली केला, केंद्राने १९७४ साली. दोन्हींची सारी करामत या तोंडाशी उभे राहून नमुना घेण्याची. शेताला तोंड नाही. ते आषाढातल्या एका रात्री शेकडो ओघळींनी एकदम वाहते आणि सकाळी साळसूदपणे हिरवे उभे असते. त्याचा पंचनामा कोणी, कुठे करायचा? एका चोराला पकडता येते म्हणून दुसरा चोरच नाही, असे म्हणणारा फौजदार तुम्ही ठेवाल काय?

दुसरा आक्षेप भावनेचा. बळीराजा आधीच पिचलेला, त्यात हे! १९७२ च्या दुष्काळात मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीच्या पोटी माझा जन्म. रासायनिक खताने भूक हटवली हे मी विसरणार नाही. पण हा आक्षेप घेणारे बहुधा शेतकरी नसतात. 'बळीराजा' म्हणून एक मखर करायचे, त्यात माणसाला बसवायचे आणि मग त्याला काही विचारायचे नाही, काही सांगायचे नाही, काही द्यायचेही नाही. हा त्या दयेचा अर्थ. आणि ते नासलेले पाणी पितो कोण? शहराला शुद्धीकरण केंद्र आहे, खेड्याला विहीर आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात देशभरच्या नमुन्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्शात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या मर्यादेवर गेलेले आढळले. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक. वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ हे जिल्हे त्यात ठळकपणे आले. त्यात उकिरड्यांचा आणि शौचखड्ड्यांचा वाटा आहे, तसा खताचाही आहे. मजूर बाई भर उन्हात त्याच विहिरीवर वाकते. शेतकऱ्याच्या कैवाराचे हे कसले लक्षण, की त्याच्या नातवाच्या घोटाबद्दल बोलायचे नाही?

तिसरा आक्षेप सेंद्रियवाल्यांचा. रसायन सोडा, शेणखत घाला, सगळे ठीक होईल. शेणखताने माती सुधारते, पाणी धरते, हे सोळा आणे खरे. परंतु नत्र शेणातला असो की पिशवीतला, पावसाच्या तोंडावर उताराच्या शेतात पसरला तर ओढ्याला दोन्ही सारखेच. कोंबडखताचे ढीग, मळीचे ढीग रानात आणून ओतले आणि त्याला सेंद्रिय म्हटले, म्हणून पाणी फसत नाही. खत किती, केव्हा आणि ओढ्यापासून किती अंतरावर, एवढेच त्याला कळते.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. डोंगरावरचा पालापाचोळ्याचा कस पावसाबरोबर शेतात येतो आणि शेताचा कस ओढ्यात जाऊ द्यायचा नाही, पाणी जागोजाग बांध-ताली घालून मुरवायचे, हा विचार त्यांनी तेव्हाच मांडला होता. पोलीस आणि पलटणीतल्या शिपायांना रिकाम्या वेळी हे काम द्या, असेही सुचवले होते. आपण त्यांचे पुतळे चौकाचौकात उभे केले. बांध मात्र नांगरून टाकले.

* * *

शेताचे पाणी शहराच्या नळाला लागते तेव्हा काय होते, ते पाहायचे तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात पाहावे. १९४५ साली आयोवातल्याच हंटर कॉमली या डॉक्टराने लिहून ठेवले की, शेतावरच्या विहिरींच्या नायट्रेटयुक्त पाण्यात दूध कालवून पाजलेली तान्ही मुले निळी पडतात; त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्तीच खुंटते. तिथली जमीन मूळची पाणथळ. शेतांखाली नळ पुरून तिचा निचरा केला, मका आणि सोयाबीन भरघोस आले. आणि नायट्रेट काठाच्या गवताला न भेटता नळातून थेट ओढ्यात उतरले. डे मॉइन शहराने १९९०च्या दशकाच्या आरंभी पाण्यातले नायट्रेट काढण्याचे अवाढव्य यंत्र बसवले. २०१५ साली शहराच्या पाणीखात्याने वरच्या तीन परगण्यांच्या निचरा मंडळांवर फिर्याद केली. २०१७ साली ती फेटाळली गेली. आणि २०२५ च्या जून महिन्यात, नदी भरून वाहत असताना, त्या परिसरातल्या लोकांना हिरवळीला पाणी घालण्याची बंदी झाली. कारण यंत्राला इतके नायट्रेट काढणे झेपेना.

हे मी इथे का सांगतो? शिरोळ, वाळवे, मिरज या तालुक्यांत पाटपाण्याच्या अतिरेकाने हजारो एकर जमीन क्षारपड झाली. ती सुधारण्यासाठी आता आपणही जमिनीखाली सच्छिद्र नळ पुरतो आहोत. जमीन सुधारते, पांढरी पडलेली राने पुन्हा हिरवी होतात, ते काम थांबवा असे मी म्हणणार नाही. परंतु त्या नळांची तोंडे ओढ्यात सोडली की क्षारांबरोबर नायट्रेटही तिथेच जाणार. तोंडाशी एखादा पाणथळ खळगा केला, पाणकणीस लावले आणि पाणी चार दिवस तिथे रेंगाळू दिले तर त्यातले पुष्कळ नायट्रेट तिथेच सुटते. आयोवात आता हेच करू लागले आहेत. आपण निदान त्यांच्या शहाणपणापासून सुरुवात करावी, त्यांच्या फिर्यादीपासून नको.

आणि हे साधते का, असे विचारणाऱ्याने डेन्मार्ककडे पाहावे. त्या चिमुकल्या देशाची निम्म्याहून अधिक जमीन नांगराखाली आहे. १९८६ च्या शरदात तिथल्या कोळ्यांच्या जाळ्यांत मेलेली शेवंडे आली. प्राणवायूवाचून समुद्राचा तळ गुदमरला होता. ते दृश्य दूरचित्रवाणीवर दिसले आणि पुढच्याच वर्षी संसदेने पाण्यात जाणारा नत्र निम्म्याने आणि स्फुरद ८० टक्क्यांनी कमी करण्याची योजना मंजूर केली. शेतकऱ्याने खताचा हिशेब द्यायचा, हिवाळ्यात जमीन उघडी ठेवायची नाही, असे नियम आले. शेतकरी चिडले, भांडले, पण शेती बुडाली नाही. दीड-दोन दशकांत समुद्राला मिळणारा नत्र जवळपास निम्म्यावर आला. तेवढ्याने भागले नाही म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरात त्या देशाने शेतजमिनीचा मोठा हिस्सा रानाला आणि पाणथळीला परत देण्याचा करार केला. लक्षात घ्या: नांगराखालची जमीन परत! म्हणजे त्यांनी पोटखराबा पुन्हा विकत घ्यायला काढला आहे. आपण अजून तो फुंकून टाकतो आहोत.

तेव्हा माझे मागणे भाबडे नाही आणि फार मोठेही नाही. गाव नकाशातला ओढा जमिनीवर आखून द्या. त्याची हद्द दगड रोवून दाखवा. दोन्ही काठांना काही हातांचा पट्टा नांगरापासून मोकळा ठेवा आणि त्या पट्ट्याचे भाडे शेतकऱ्याला दर वर्षी रोख द्या. पैसा कुठून, असे विचारू नका. युरिया स्वस्त ठेवण्यासाठी जो पैसा आपण ओततो त्यातलाच थोडा ओढ्याच्या काठावर थांबवा. ज्याचा पट्टा पाण्याला लागून आहे त्यानेच सारा तोटा का सोसावा? गावचे मूत्रपिंड त्याच्या रानात आहे, तर गावाने त्याला मोल द्यावे. खत मोसमाच्या तोंडावर एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्या, पाचट जाळू नका, ठिबकचे अनुदान वेळेवर द्या. हे कृषी खाते कित्येक वर्षे सांगतेच आहे. आणि दर जूनमध्ये ओढ्याच्या पाण्यातले नायट्रेट आणि स्फुरद मोजून आकडे चावडीवर लावा. बाटलीत नमुना भरायला माझ्या वर्गातली पोरे तयार आहेत. आकडा चावडीवर लागला की शेजाऱ्याचे बोट आपोआप आपल्या बांधाकडे वळते.

गवताचा पट्टा ठेवला म्हणजे सगळे झाले, असे मी म्हणत नाही. ओघळ पडली तर पाणी पट्टा चिरून जाते. खताची नासाडी तशीच राहिली तर गवत किती झेलणार? गावातली गटारेही ओढ्यातच उतरतात. पण जिथे निदान काही अडते ती एकमेव जागा आपण नकाशातून, दप्तरातून आणि रानातून पुसत आणली आहे, आणि ती पुसताना आपल्यातल्या कोणालाही वाईट वाटले नाही. हे मला सर्वांत भयंकर वाटते.

त्यात माझे व्यवसायबंधूही आले. ग्रामीण साहित्यात ओढा नाही असा लेखक शोधून सापडणार नाही. नायिका ओढ्यावर धुणे धुते, नायक ओढ्याच्या वाळूत बसून वाट पाहतो, म्हातारा ओढ्याच्या काठी मरतो. आज त्या वाळूच्या जागी काळा राडा आहे, धुणे बोअरच्या पाण्यावर होते, आणि म्हातारा मेल्यावर त्याची रक्षा सोडायला केंदाळ बाजूला सारावे लागते. हे कोणत्या कथेत येते? डोळ्यांसमोरचा ओढा सोडून आठवणीतला ओढा लिहिणे ही मोजणीदाराचीच रीत झाली. त्याने काठाला खराब म्हणून वगळले, आपण खऱ्या ओढ्याला कुरूप म्हणून वगळतो.

नदीला आई म्हणण्याची आपल्याकडे चाल आहे. दिवाळीत आपण तिच्या पाण्यात दिवेही सोडू. यंदा जे काठावर जातील त्यांनी एवढेच पाहावे की, दिवा सोडायला हात पाण्यापर्यंत पोचतो, की मधल्या उसामुळे काठच सापडत नाही. आणि पोचलाच, तर तो दिवा वाहत पुढे जातो की केंदाळावर अडकून जागच्या जागी विझतो.